हौद गल्लीतली मोकळी जागा

५ बहमन १३४७ फसली (डिसेंबर १९३७), नांदेड
सकाळच्या गाडीने उतरलो. थंडी छान पडली आहे. ओव्हरसियरची नेमणूक, आणि राहायला गावाबाहेर अख्खा बंगला. हैदराबादला बायको इंदू आणि मी एका खोलीत चुलीला पाय लावून झोपायचो. तिला लगेच पत्र टाकलं की महिनाअखेर निघून ये. इथे एका खोलीतून हाक मारली तर दुसरीत ऐकू जायचं नाही. सामान उतरवायला मुकादम तय्यब आला होता. कंधारचा, हसरा माणूस.

८ बहमन
जी पाडायचं घाटतंय ती हौद गल्ली पाहिली. भिंतीला भिंत लागलेली, वर मातीची जड माळवदं, खिडकी कुठेच नाही. एकेका खोलीत तीन-तीन कुटुंबं, पाळीपाळीने झोपतात. गेल्या प्लेगात निम्मी गल्ली गेली म्हणे. केवळाबाई नावाच्या विड्या वळणाऱ्या म्हातारीने गुळाचा चहा दिला. मला बसायला जागा व्हावी म्हणून तिची पोटुशी सून बाहेर जाऊन उभी राहिली. म्हातारी म्हणाली, "हवा पायजे हे आमाला बी कळतंय, साहेब. पर आदी निवारा दावा."

१२ बहमन
घरसुधार कमिटीची बैठक. गल्ली पाडून रुंद रस्ता आणि नाली काढायची, याला कुणाचीच ना नाही. वाद झाला तो आधी काय करायचं यावर. माधवराव वकिलांचा हट्ट, आधी माळावर घरं बांधा, मग पाडा. अध्यक्ष म्हणाले, घरांची मंजुरी हैदराबादहून येईपर्यंत प्लेग थांबणार आहे का? माझं मत विचारलं. मी म्हणालो, आठवड्यात गल्ली रिकामी करून देतो. सगळ्यांनी बाकं वाजवली. माधवराव उठून गेले.

२० बहमन
गल्ली रिकामी. दारं उपटून काढली की लोक आपोआप निघतात. केवळाबाईला मात्र शिपायांनी दंडाला धरून ओढलं. सगळे माळावर उघड्यावर बसलेत. गारठा फार आहे.

२१ बहमन
उजाडताच काम सुरू केलं. तय्यब शेवटच्या घरापाशी थांबला. म्हणाला, "साहेब, आत कुणीतरी खोकून राहिलंय." मलाही ऐकू आलं होतं. थोड्या वेळात जिल्ह्याचे तालुकदारसाहेब पाहणीला यायचे होते. कुत्रं असेल, असं सांगून मी दोर ओढायला लावले.
माळवद एकदम खाली बसलं. धुळीतून एक हात वर आलेला, बोटं हलत होती. तय्यब फावडं घेऊन धावला. दुपारपर्यंत उकरत होतो. थंडीने लोक परत येऊन त्या एका खोलीत दाटीवाटीने शिरले होते. एकाच्या छातीत दुसऱ्याचं कोपर रुतलेलं. कोण कुणाचं, सुटं करता येईना. सून पोटाशी हात धरून होती, तो हातही पोटात गेला होता. केवळाबाईची मान पाठीकडे वळलेली, डोळे उघडे.
तालुकदारसाहेबांना सांगितलं, विनापरवानगी घुसले.

२४ बहमन
तय्यब गेला. दुपारी जेवून एकटाच आडवा झाला होता. साऱ्या बरगड्या आत घुसल्या, कानातून रक्त. डॉक्टर म्हणाले, हा गर्दीत चेंगरला आहे. खोलीत कुणीच नव्हतं. त्याची बायको अख्तरी सांगते, आतून ओरडत होता — सरका, सरका.

२६ बहमन
बंगल्यात ओल्या मातीचा वास येतो. भर दुपारी व्हरांड्यातून आत जाताना खांद्याला खांदा घासला. वळून पाहिलं. कुणी नाही. खुर्चीत बसलो की दोन्हीकडून मांड्या लागतात. स्वयंपाकघरात कुणीतरी खोकतं.

२८ बहमन
धर्मशाळेत जाऊन राहिलो. तिथेही आले. शेजारच्या यात्रेकरूचा हात कोपरातून मोडला, हाड बाहेर — परत आलो. आता एकाच खोलीत मावतो. बाकी खोल्यांची दारं उघडतात, पण आत शिरता येत नाही. माणसांचा गठ्ठा. दिसत कुणी नाही. डाव्या हाताची बोटं मोडली, कुणीतरी त्यांच्यावर उभं होतं. इंदूला तार केली — येऊ नको.

३० बहमन
उभ्यानेच लिहितोय, वही भिंतीला लावून. बसायला — नाही. एक बरगडी गेली. तोंडात रक्त.
टांगा थांबला. इंदूचा आवाज. तार मिळालीच नाही तिला —
ओरडायला श्वास — छाती फुगत नाही —
कडी वाजते. कानाशी केवळाबाई बोलली. रागावून नाही, रीतीने. "सरकून घ्या गं. बाईला आत येऊ द्या."
सरकतात — सगळे माझ्याकडे —
इंदू, आत नको — दार ढकलू न—