तू तिच्यावर घातलेला आळ

माय, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं आणि मला अहिराणीत लिहिता येत नाही, म्हणून महापालिकेच्या शाळेत शिकले तीच मराठी वापरते आहे. तुला एक गोष्ट विचारायची राहून गेली. तू होतीस तेव्हा ती विचारायला हवी हेच मला माहीत नव्हतं. ते मागच्या महिन्यात कळलं.

आपण इथे गुजरातेत, पर्वत पाटियाच्या वस्तीत, त्या दोन खोल्यांत राहायचो तेव्हाची गोष्ट आहे. आबा रातपाळी करून यायचे आणि आतल्या खोलीत दुपारपर्यंत झोपायचे. शेठचा माणूस साड्यांचा गठ्ठा टाकून जायचा, आणि बाहेरच्या खोलीत बसून आपण पदरावर खडे चिकटवायचो. समोरच्या खोलीतली ती पण यायची. तिचे वडील रेल्वेत होते, अकोल्याकडचे. तिचं बोलणं आपल्यापेक्षा वेगळं होतं, त्यावरून तू तिला चिडवायचीस, पण तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे असं सगळ्यांना सांगायचीस. मी अठरा वर्षांची होते, ती एकोणीस. त्या दिवशी तू दळण आणायला गेली होतीस. माझ्या बोटांवर गोंद वाळला होता, तो ती नखानं खरवडून काढत होती. काढून झाला तरी तिनं हात सोडला नाही. मीही काढून घेतला नाही. पुढे जे झालं ते तू दारातून पाहिलंस. डबा डोक्यावरून उतरवून खाली ठेवलास, आणि आबांची झोप मोडू नये इतक्या हळू आवाजात म्हणालीस, "ती पोर परत मना घरमा येवाले नको." मला वाटलं होतं तू मारशील. तू मारलं नाहीस. पदर आवरून ती गेली, आणि तू तिच्या अर्धवट राहिलेल्या साडीसमोर बसून पुढचे खडे लावायला लागलीस.

संध्याकाळी मात्र नळावर सगळ्या बायकांसमोर तू ओरडलीस. तिनं आपल्या घरातून खड्यांच्या पुड्या चोरल्या म्हणालीस. पुड्या सगळ्या फळीवर होत्या, माय. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि पुड्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी एक शब्द बोलले नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिची घागर भरली होती, तरी ती उचलेना. मग तिचा मोठा भाऊ आला आणि तिला दंडाला धरून घरात घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी तू मला मामाकडे गावी धाडलंस. चार महिन्यांनी परत आले तेव्हा समोरच्या खोलीत दुसरी माणसं राहत होती. तिचं लग्न झालं, कामरेजकडे कुठेतरी दिलं, एवढंच कानावर आलं. पुढच्या वर्षी माझंही झालं. तुझा जावई भला माणूस होता, तुला माहीत आहे. त्यांनी मला कधी दुखावलं नाही आणि मीही त्यांना कधी दुखावलं नाही. पण ते गेले तेव्हा लोकांना वाटलं तेवढं मी रडले नाही, हे बहुतेक तुझ्या लक्षात आलं असेल.

आता तुझ्या नातीचं सांगते. ती साड्यांच्या डिझाईनच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. आपण हातानं लावायचो ते खडे ती पडद्यावर मांडते. आम्ही कोसाडला राहतो. तिच्या ऑफिसातली एक गुजराती मुलगी दर रविवारी घरी यायची, माझ्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकर आवडीनं खायची. त्या रविवारी ती यायच्या आधी मी वांगी भाजत होते, आणि पोरगी ओट्याला टेकून उभी राहिली. "मम्मी, एक वात कहुं?" म्हणाली. काही अवघड बोलायचं असलं की ती गुजरातीत सुरू करते. मग मराठीत म्हणाली, "आम्ही दोघी घर बघतोय. सोबत राहायला. मैत्रिणी म्हणून नाही." माझ्या हातातलं वांगं तसंच जळत राहिलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं सांगू? "ती पोर परत मना घरमा येवाले नको." तुझं वाक्य. अहिराणीत. तू गेल्यापासून मी घरात अहिराणी बोललेच नव्हते. मी ते हळू आवाजात म्हणाले, घरात कोणी झोपलेलं नसताना.

ती रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, किंवा चिडून निघून जाईल. तिनं गॅस बंद केला आणि माझ्याकडे नीट बघून विचारलं, "मम्मी, तू असं बोलत नाहीस. हे कोणाचं बोलतेयस?" मी दादाच्या मुलाला फोन केला, तो तरी तिला समजावेल म्हणून. तो हसला. "आत्या, आम्हाला सगळ्यांना दोन वर्षांपासून माहीत आहे. फक्त तुम्ही मोठी माणसं राहिला होतात." तुझी सगळी नातवंडं, माय, त्यातली दोन तर अजून कॉलेजात आहेत. दोन वर्षं ती हे घेऊन आमच्यात वावरली, दिवाळीत त्या मुलीला शेजारी बसवून फराळ केला, आणि कुणाला त्यात लपवण्याइतकं काही वाईट वाटलं नाही. ती गप्प राहिली ती आम्हाला जपायला. दादा अजून तिच्याशी बोलत नाही. पण त्याच्या न बोलण्यानं घरातलं काही थांबत नाही. नळावरच्या एका ओरडण्यानं आपलं सगळं थांबलं होतं.

आठवडाभर मला झोप लागली नाही. मग पोरीला म्हटलं, मला कामरेजला ने, एक ओळखीची बाई शोधायची आहे. आपल्या जुन्या शेजारणीकडून पत्ता मिळवला. हायवेच्या मागे गल्लीत घर होतं, दारात तुळस नाही, वांग्यांची झाडं लावलेली. मी पोरीला कोपऱ्यावर चहाच्या टपरीशी थांब म्हटलं आणि एकटी गेले. तिचे केस सगळे पांढरे झालेत. तिनं मला लगेच ओळखलं, पण बस म्हणायला वेळ लावला. मी पाठ करून गेले होते ते सगळं एका दमात बोलले. पुड्या फळीवर होत्या, मला दिसत होत्या, मी बोलले नाही, मला माफ कर. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुह्या मायनं चोर म्हटलं म्हणून मी वाचली."

मला कळलं नाही. ती म्हणाली, "भावांनी एकदा मारलं. चोर पोरगी म्हणून मारलं. खरं काय ते कळलं असतं तर त्यांनी मले जिती ठेवलं नसतं. सगळी चाळ एकाच नळावर, तिथं काही लपत नव्हतं. मी अचानक तुमच्याकडे यायची थांबली की कोणी ना कोणी काही बोललंच असतं. तुह्या मायनं त्याआधी दुसरंच सांगून टाकलं." मी म्हटलं, ती तुझ्यासाठी नाही ओरडली, माझी अब्रू वाचवायला ओरडली. "मले नाही माहीत," ती म्हणाली. "पण माह्या लग्नाला आपल्या चाळीतून एकटी ती आली होती. गर्दीतून पुढे आली, डोक्यावरून हात फिरवला आणि जेवायलाही थांबली नाही."

तू लग्नाला गेली होतीस हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. मी तेव्हा मामाच्या गावी कापूस वेचत होते आणि तुला शिव्या देत होते. आता सांग, माय, तू काय केलंस? ते वाक्य हळू बोललीस आणि चोरीचं मोठ्यानं, ते ठरवून? नळापर्यंत जाईतो तू एवढा विचार केलास? की रागात जे सुचलं ते बोललीस आणि मग तिच्याकडे बघून तुला वाईट वाटलं? चोराचा डाग घेऊन तिला जगावं लागलं, नवरा चिडला की अजून तेच काढतो म्हणाली. तू वाचवलंस असं म्हटलं तर तिनं काढलेलं ते सगळं आयुष्य ठीकच होतं असं होतं, आणि माझंही. नाही म्हटलं तर तो डोक्यावरचा हात कुठे ठेवू? रोज एकदा तुला माफ करते आणि भाजी टाकताना पुन्हा राग येतो. पोरीच्या मैत्रिणीला मी परत बोलावलं. ती आली, माझ्या पाया पडली, पोटभर जेवली. दोघींनी अमरोलीला घर घेतलंय भाड्यानं. त्यांच्या शेजारचे लोक त्यांना दूध आणून देतात. हे बघून मला आनंद व्हायला हवा, आणि होतोही. पण घरी आले की दार लावून बसते.

हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून शेवटचं खरं ते लिहिते. कामरेजहून निघताना तिनं माझा नंबर मागितला. मी म्हटलं, पाठ नाही, पुन्हा येईन तेव्हा देते. फोन माझ्या पिशवीतच होता. परतीच्या वाटेवर पोरीनं सिग्नलला गाडी थांबवली आणि मान वळवून विचारलं, "मम्मी, ती तुझी कोण होती?" तिच्या विचारण्यावरून वाटलं, तिला कळलंय. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. मी म्हटलं, "कोणी नाही. जुनी शेजारीण." मैत्रीण म्हणायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही.