एका झाकणाचं बाक

प्रिय आई,

आधी कान पकडतो. ताईकडे येऊन मला बरेच दिवस झाले आणि तुला एक ओळ नाही. कागद होता, पेन होतं, वेळ तर माझ्याकडे कायमच पडलेला असतो. पण खरं लिहायचं तर तुला वाईट वाटेल असं लिहावं लागलं असतं, आणि खोटं मला तुझ्यापुढे कधी पचलं नाही, पाचवीच्या प्रगतिपुस्तकापासूनचा अनुभव आहे. म्हणून म्हटलं, लिहिण्यासारखं काही घडू दे, मग लिहू. आता घडलंय. मी बाक केलंय. हसू नकोस. जेवायच्या टेबलाशी बसायचं, पोटात सामान ठेवायची पेटी असलेलं, भिंतीला ठोकलेलं अख्खं बाक. आणि वर बसलं तर हलत नाही.

सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर मी कुठल्या कुठे भरकटेन. मी आलो होतो दोन दिवसांसाठी. होड्या रंगवायचं काम संपलं होतं आणि पुढे एका बेकरीवाल्याने बोलावलं होतं (त्याच्याकडे एक मांजर आहे, ते पिठात लोळून पांढरं होतं आणि मग गिऱ्हाइकांच्या पायांना... असो). पहिल्या संध्याकाळी जेवायला बसलो. टेबल भिंतीला लावलेलं, तीन बाजूंना तीन खुर्च्या. एकीवर भाऊजी, एकीवर त्यांची लेक. मला स्टूल दिलं. तिसरी खुर्ची रिकामी, आणि ताई ताट हातात घेऊन ओट्याला टेकून उभी. म्हटलं, अगं, बस की. तर म्हणते, मला उभ्यानेच बरं पडतं, गरम वाढता येतं. आई, आपली ताई! जी लहानपणी फतकल मारल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उलगडा झाला. ती खुर्ची पोरीच्या आईची. ती गेल्यापासून तिच्यावर कुणी बसलेलं पोरीला चालत नाही. लग्नाला वर्ष झालं, ताईने एकदाही विषय काढला नाही. आणि पोरगी ताईशी बोलायचीही नाही. भांडण नाही, उद्धटपणा नाही, नुसते निरोप. ‘बाबा, तिला मीठ द्यायला सांगा.’ ताई हाताच्या अंतरावर, मीठ ताईच्या हातात, आणि निरोप टेबलाला वळसा घालून जाणार. भाऊजी चष्मे बनवतात. सगळ्या गावाला लांबचं आणि जवळचं दाखवणारा माणूस, पण घरी ताटात मान घालून जेवायचा. पोर वाईट नाही हं. दहा वर्षांची आहे, माझ्याशी तर पहिल्या दिवसापासून गट्टी. बोलली की समोरच्याला ठसका लागतो, म्हणून मी तिला ठसकाच म्हणतो.

लग्न ठरलं तेव्हा तू म्हणाली होतीस, ‘माझी लेक तिथे उरलेल्या जागेवर बसणार.’ तेव्हापासून तू या घराची पायरी चढली नाहीस. मला सारखं तेच आठवत होतं. इथे तर तिला उरलेली जागाही मिळाली नव्हती.

मग डोक्यात किडा वळवळला. चौथी खुर्ची आणली असती तर ती चौथीच राहिली असती. बाकाचं तसं नसतं. त्यावर कुणाचं नाव नसतं, कुणी आलं की सरकायचं. भाऊजींना म्हटलं, घरात सामान ठेवायला जागा नाही, भिंतीकडे पेटीचं बाक करू, टेबल पुढे ओढू. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, कर.

मी सुतार नाही, पण एका सुताराकडे हिवाळा काढलाय. तो म्हणायचा, पेटीचं माप टेपने घे, बसायच्या जागेचं माप माणसांनी घे. म्हणून सगळ्यांना भिंतीला पाठ लावून जमिनीवर ओळीने बसवलं आणि दोन्ही अंगांना खडूने रेघा मारल्या. भाऊजी खुर्चीवरच बसणार होते, तरी हौसेने बसले. विचारतात कसे, श्वास घेऊन बसू की सोडून? ठसका म्हणाली, बाबा, तुमच्या दोन रेघांत हत्ती मावेल. ताई खळखळून हसली आणि पटकन पदर सावरत सरळ बसली. तिला मी मुद्दाम पोरीच्या शेजारी बसवलं. शेवटी कडेला एक जागा कुणालाही न बसवता आखली. ठसक्याने विचारलं, ही कुणाची? म्हटलं, माझ्या आईची. येणार आहे? म्हटलं, बघू. तिने माझ्या हातातला खडू घेतला आणि रेघ थोडी पलीकडे सरकवली. म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना कोपराला जागा लागते, माझ्या आजीला लागते. आजी म्हणजे तिच्या आईची आई. त्यांनीही या लग्नापासून इथे येणं सोडलंय, पोरगीच सुट्टीत त्यांच्याकडे जाते. तू म्हातारी नाहीस, हे मी तिला ठणकावून सांगितलं.

आता माझी अक्कल ऐक. झाकणाचे चार तुकडे करायचं ठरलं होतं, प्रत्येकाच्या बुडाखाली ज्याचं त्याचं. पण भाऊजींनी एका मोडलेल्या गोदामाच्या दाराची फळी आणली, आणि रंधा मारल्यावर आतून असं लाकूड निघालं की या टोकापासून त्या टोकापर्यंत एक गाठ नाही. करवत ठेवली, पण हात चालेना. म्हटलं, अख्खीच राहू दे. काचकागदाने घासून घासून बोटं सोलली, बिजागऱ्या लावल्या, एकच लांबलचक झाकण. ताईने उत्साहाने त्यात डबे, चादरी, पोरीचे चित्रांचे कागद, सगळं भरलं. पहिल्या जेवणाला ठसका, ताई आणि मी बाकावर, भाऊजी समोर. घास घेतला आणि भाऊजी म्हणाले, मीठ? मीठ बाकात! आम्ही तिघे ताटं सावरत उभे राहिलो. भाऊजी म्हणाले, राष्ट्रगीत लागलं वाटतं, आणि तेही उभे राहिले. एकाला काही हवं असेल तर सगळ्यांनी उठायचं, असं बाक जगात मीच करू जाणे. लाजून मी दुसऱ्या दिवशी फळी कापायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींना दुकानात उशीर झाला. आम्ही तिघेच खायला बसलो. ठसक्याला चित्राचा कागद हवा होता. ताई तिच्या शेजारी झाकणावर, आणि निरोप न्यायला बाबा नाहीत. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पटकन तोंडात मोठा घास कोंबला आणि कानावर बोट ठेवून मान हलवली, जणू मी बहिरा. मग ती ताटाकडे बघत म्हणाली, ‘ऊठ ना जरा.’ ताई इतक्या झटक्यात उठली की पेला लवंडला. दोघींनी मिळून झाकण उचललं, कारण आई, ते एकटीला उचलत नाही इतकं जड आहे. ताईने विचारलं, कोणता कागद, जाड की पातळ? पोरगी म्हणाली, जाड. एवढंच. पण ताई त्यानंतर निवांत बसून जेवली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मी करवत गुंडाळून ठेवली. आता दिवसभर ‘ऊठ ना’, ‘सरक ना’, ‘तूच मुद्दाम त्यावर बसतेस’ चाललेलं असतं. काल ठसक्याने ती तिसरी खुर्ची स्वतः उचलून आपल्या खोलीत खिडकीशी नेली. म्हणाली, आई तिथे बसून माझा अभ्यास घ्यायची. ताईने त्या खुर्चीसाठी एक गादी शिवायला घेतली आहे, पोरीने मागितलेल्या रंगाची.

ताईने मला हे लिहायला सांगितलेलं नाही, तिला कळलं तर माझा कान उपटेल. तिची जागा तुला दाखवायची होती, म्हणून लिहितोय. तू ये. कडेची जागा उरलेली नाही, ती आधीपासून आखलेली आहे, कोपरासकट. बेकरीवाल्याला मी ‘येत नाही’ म्हणून कळवलंय.

थांब, बेल वाजली. आई, ठसक्याची आजी आलीय! न कळवता, हातात पिशवी. नातीने फोनवर बाकाचं इतकं वर्णन केलं की म्हणे बघायलाच आले. ताई बाकावर ठसक्याशेजारी गादी शिवत बसली होती, तिचा टाका तिथेच थांबला. आजी आत आल्या, लाकडावरून हात फिरवला आणि कडेच्या जागेवर बसायला गेल्या, तर ठसका ओरडली, आजी, तिथे नको, ती मामाच्या आईची जागा आहे! आजींनी ताईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, मग सरक गं जरा. आता त्या दोघींच्या मधे दाटीवाटीने बसल्यात, आणि तुझी जागा अजून मोकळीच आहे.

तुझाच,
भिंगरी