एका बोटाचं अंतर

प्रिय तितिर,

पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून ‘प्रिय’ लिहिलं. त्याचा भलता अर्थ काढू नकोस.

तुझ्या तक्रारीची प्रत योगासन संघटनेच्या ऑफिसातून मला मिळाली. चार पानं, आणि पहिल्याच पानावर शुद्धलेखनाच्या तीन चुका. ‘शिबानीदी आम्हाला कापडासारखं मोजायची,’ असं लिहिलंयस. हो, मोजायची. मग काय नुसतं ‘छान, छान’ करत बसायला हवं होतं? तुझे बाबा तुला सायकलवर पुढे बसवून चंदननगरच्या आपल्या क्लबात घेऊन आले तेव्हा तू सात वर्षांची होतीस. पुढे वाक म्हटलं की घडी घातल्यासारखी मिटायचीस आणि मागे वाक म्हटलं की लाकूड! पूर्ण भुजंगासनात पालथं पडून छाती उचलायची, डोकं मागे न्यायचं आणि पाय दुमडून तळवे डोक्याला टेकवायचे. तुझं डोकं आणि तळवे यांच्यामध्ये तेव्हा माझा अख्खा हात मावायचा. त्याची चार बोटं मी केली, चाराची दोन मी केली. दर शनिवारी मी अंतर सांगितलं की तू घाटावर बाबांकडे पळायचीस आणि त्यांच्याकडून मुडी-चॉपचा खाऊ उकळायचीस. तेव्हा मोजणं गोड लागत होतं ना?

मग एका बोटावर गाडी अडली. आठ महिने! बर्धमानची स्पर्धा तोंडावर आलेली, आणि दुसऱ्या क्लबातल्या पोरी तुला चिडवायच्या, ‘तितिरला गोंदाची बाटली द्या गं, पाय डोक्याला चिकटत नाहीत तिचे.’ तू नाक पुसत माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, ‘दीदी, काहीही कर, पण हे एक बोट घालव.’ हे तूच म्हणाली होतीस. चार पानांत त्याला एक ओळ मिळाली नाही.

त्याच आठवड्यात मी तुझ्या कमरेवर बसले. तू घाटाच्या पायरीवरून घसरलीस, असं डॉक्टरांना मी सांगितलं. तुझ्या बाबांनी ते मानलं आणि तू गप्प बसलीस. तेरा वर्षं गप्प बसलीस, आणि आता बँकेत अर्धा तास खुर्चीवर बसवत नाही म्हणून तुला मी आठवले! तुझ्या कागदानंतर माझ्या सोळा मुलींतल्या पाच उरल्या आहेत. गेल्या आठवड्यात बाजारात मासेवाल्यानं कातला माशाचे खवले काढता काढता विचारलं, ‘दीदी, ते खरं आहे का?’ मी म्हटलं, पोरगी खोटारडी आहे, ती एकदाही ‘थांब’ म्हणाली नव्हती. क्लबात सगळ्यांसमोरही मी हेच सांगितलं. तुझ्या कानांवर आलंच असेल.

उरलेल्या पाचांत झुमुर नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे. तिची आई काकोली परवा मंगळवारी वर्गात आली आणि मोठ्या कौतुकानं म्हणाली, ‘दीदी, मी घरीपण करून घेते हं, अगदी तुमच्यासारखं. बघा.’ तिनं लेकीला पालथं घातलं, पदर खोचला आणि तिच्या पाठीवर बसली. झुमुरच्या पायांची बोटं आवळून पांढरी पडली. मी विचारलं, ‘लागतंय का गं?’ आईकडे न बघता ती म्हणाली, ‘नाही.’ काकोली माझ्याकडे बघून हसत होती, ‘किती बोटं राहिली, दीदी?’ मी तिचा दंड धरला आणि ओढून बाजूला केलं. तिला राग आला. ‘तुम्ही बसलात तर शिकवणं, आणि मी बसले तर काय झालं?’ म्हणाली. चार मुली, त्यांच्या आया, सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी वर्ग अर्ध्यावर सोडून घरी आले, तेव्हापासून क्लबाकडे फिरकलेले नाही.

रविवारी अकरा वाजता सुनावणी आहे. ती टाळावीस म्हणून हे पत्र आलंय असं तुला वाटलं असेल, तर उलट आहे. ये. वकील आणायचा असेल तर आण. पण समोरच्या बाकावर बस, माझ्या शेजारी येऊ नकोस, आणि पाया पडण्याचं किंवा रडण्याचं नाटक मला चालणार नाही. माझी बावीस वर्षांची मेहनत तू धुळीला मिळवलीस, त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही, करणारही नाही. मी काय बोलणार ते तिथे सगळ्यांबरोबर तुला पहिल्यांदा कळू नये, एवढ्यासाठी लिहितेय. झुमुर माझ्याशी खोटं बोलली. तू बोलली नव्हतीस. तू दोनदा ‘दीदी, थांब’ म्हणालीस आणि दोन्ही वेळा मला ऐकू आलं होतं.

तुझी (नको असेल तर हा शब्द खोडून टाक),
शिबानीदी