इराचा ऑगस्ट

११ एप्रिल, शुगर लँड
इरा दोन दिवस घरी. मेडिकलचं शेवटचं वर्ष आता सुरू होईल. जेवणाच्या टेबलावर माझं मराठी कॅलेंडर पसरून बसली. इ.आर.ची, म्हणजे तातडीच्या विभागाचीच डॉक्टर व्हायचंय, हे पक्कं. त्यासाठी जुलैचा महिना आपल्या कॉलेजच्या इ.आर.मध्ये, आणि एक महिना परगावी, जिथे कोणी ओळखत नाही. दोन्हीकडचे डॉक्टर पत्र लिहितात, त्यांवर पुढे रेसिडेन्सीचे, म्हणजे हॉस्पिटलातल्या पुढच्या शिक्षणाचे इंटरव्ह्यू. ऑगस्टवर तिने पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढलं, नेमकं नारळी पौर्णिमेवर.
अरुण म्हणाला, "ह्यूस्टनमध्ये काय अपघात कमी होतात?"
"बाबा!"
आठ ठिकाणी अर्ज. सगळ्यात वर कॅलिफोर्निया.

२९ एप्रिल
दोन नकार. बाकीच्यांचं काहीच नाही. फोनवर आवाज बारीक झाला होता. मी विचारलं नाही. रव्याचे लाडू करून कुरिअर केले. दुसरं काय करणार.

६ मे
अॅटलांटाहून होकार! ३ ऑगस्टपासून चार आठवडे. इराने तासाभरात 'येते' कळवूनही टाकलं. वसुधाला फो. केला. माझी मावसबहीण, तिथे अल्फारेटाला असते. "खोली आहे, गाडी आहे, मी रिकामीच आहे. पाठव पोरीला."

१४ मे
कॅलिफोर्नियाचा मेल आला!! तेही ऑगस्ट, तेच चार आठवडे. दोन दिवसांत उत्तर हवंय. इरा पुढे काहीतरी सांगत होती, मी आनंदात ऐकलंच नाही. लगेच तिकडे क्युपर्टिनोला राहणाऱ्या ओळखीच्या नलूताईंना फोन करून खोली विचारली, मग इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. संध्याकाळपर्यंत फुलं, पेढे, जोडलेले हात. सगळ्यांना आभार लिहिता लिहिता भाजी करपली.

१५ मे
इराने कॅलिफोर्नियाला 'नाही' म्हणून कळवलं.
"अगं, दोन्हीकडे हो म्हणून ठेवायचं. मग बघता येतं. तुझ्या ग्रॅज्युएशनच्या पार्टीला नव्हते का आपण दोन हॉल धरून ठेवले?"
"आई, हे हॉल नाहीत. मी आयत्या वेळी सोडलं तर ती जागा वाया जाते. कोणीतरी माझ्यासारखंच वाट बघतंय. अँड आय सेड येस."
मग मी नको ते बोलले. आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुला समाजसेवा सुचते, असं काहीतरी. तिने "बाय, आई" म्हणून फोन ठेवला. इतकं सभ्य 'बाय' ती कधी म्हणत नाही.
अ. पेपर न हलवता म्हणाला, "शब्द दिलाय तिने." एवढंच.

१७ मे
सकाळपासून सिस्टर बर्नाडेट आठवतायत. नागपूरची कॉन्व्हेंट शाळा, नववीचा वर्ग. प्रार्थनेला पियानो वाजवीन म्हणून मी नाव दिलं होतं, आणि मग नाटकात राणीचं काम मिळालं. तालीम नेमकी त्याच वेळी. सिस्टर रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "यू हॅव गिव्हन युअर नेम, चाइल्ड." राणी पद्मा झाली. मुकुट तिला मोठा होत होता, सारखा नाकावर यायचा. मी पियानो वाजवला. रडत, पण वाजवला.
माझ्या लेकीला हे सांगायला कोणी सिस्टर लागली नाही.
फो. केला. "चुकलं माझं."
"इट्स ओके, आई. लाडू संपलेत."

१८ मे
ग्रुपवर लिहिलं, इरा कॅलिफोर्नियाला जाणार नाही, अॅटलांटाला जाईल. पाच मिनिटांत मंडळातल्या कुमुदचा फोन.
"नाही का झालं शेवटी? वाईट नको वाटून घेऊस हं."
"झालं होतं गं. तिनेच नाही म्हटलं."
"हो हो. असंच सांगायचं."
फोन ठेवल्यावर हसू आवरेना. आता कोणाकोणाला पटवत बसू? आणि कशाला?

१२ ऑगस्ट
वसुधाचा फोन. इरा बारा तासांची ड्यूटी करून येते आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच वरणभात खाते. काल एका आजींच्या छातीत दुखत होतं, पण त्यांना इंग्रजी येईना. दुभाषी येईपर्यंत इराने मोडक्या हिंदीत त्यांना बोलतं ठेवलं. "दुखता मतलब कैसा, दाबता है का टोचता है," असलं हिंदी! आजी म्हणे दुखण्यातही हसल्या.
तिच्या हिंदीला मी किती वर्षं नावं ठेवली.

३० ऑगस्ट
इरा काल परत आली. वाळली आहे. मी म्हटलं, पत्र कसं असेल? तिथले डॉक्टर ते परस्पर पाठवतात. तिला कधीच दिसणार नाही. "बघायचा हक्क सोडलाय मी. तशी सही केलीय."
आमच्या शाळेत प्रगतिपुस्तक बंद पाकिटात मिळे, वडिलांच्या नावाने. एकदा मी ते किटलीच्या वाफेवर उघडलं होतं. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, अ.लाही नाही. आज इराला सांगितलं. ती इतकी हसली की अ. काय झालं म्हणून बाहेर आला.
"व्हॉट डिड इट से?"
"गणितात लक्ष नाही."
पुढच्या महिन्यात रेसिडेन्सीचे अर्ज. कॅलिफोर्नियालाही करणार आहे. मेमध्ये नाही म्हणालेली मुलगी तिथे कोणाच्या लक्षात असेल का, आणि असली तर कशी, कोण जाणे. इंटरव्ह्यूची बोलावणी ऑक्टोबरपासून.
कॅलेंडरचं पान उलटायला गेले तर पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह तसंच. खोडरबर शोधत होते.
अ. म्हणाला, "राहू दे गं."