झाडावरचा हात

रोझेनहाइम, जर्मनी
१४ डिसेंबर

आई, तुझ्या दोन्ही गालांचे पापे.

मी बरी आहे, खाण्यापिण्याची आबाळ नाही. तुझा खोकला थांबला का?

नाताळला यंदाही यायला जमणार नाही. मी सांभाळते त्या इर्मगार्डबाईंचा मुलगा स्कीइंगला चाललाय, मग त्यांच्याजवळ कोण राहणार? त्याने भट्टीशिवाय वाळणारी माती पाठवली आणि फोनवर सांगितलं, "आमच्या नाताळच्या झाडावर टांगायला आईच्या हाताचा ठसा हवाय."

पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाईंची मूठ उघडत नाही. मी बोटं सोडवायला लागले, तर ओरडल्या, "दुखतंय गं दोरोता! तुझाच उमटव. त्याला काय कळतंय!"

मी उमटवला, ओल्यातच दोरीसाठी भोक पाडलं आणि वाळल्यावर पाठवून दिला. काल त्याचा फोन आला, "हुबेहूब आईचाच हात!"

माझी हानिया यंदाही झाडासाठी ठसा करतेय ना? तिचा हात आता केवढा झालाय?

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तू अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी रिकामी ताटली मांडशील, तेव्हा ती विचारेल, "ही मम्मीची का?" नाही म्हणून सांग. गेल्या वर्षी हो म्हणालीस आणि पोर माझी वाट बघत जेवायची थांबली.

तुझीच,
दोरोता