पंखा फिरत नव्हता

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

पाटोदा,
गुरुवार, ९ ऑक्टोबर २००३

ती. दादास,

प्रणिताचा शरणु शरणार्थ. मोठ्या भावाला नमस्कार लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिला. मनातून आलेला नाही, तेव्हा खूश होऊ नकोस.

इकडे सगळे खुशाल. आप्पांचं दुकान ठीक चाललंय. आईचा गुडघा जरा बरा आहे. बीडला साखराबाई मावशीनं माझ्यासाठी वरची खोली झाडून-पुसून ठेवली होती. ती आता रिकामीच राहील असं दिसतं, आणि त्याला कारण तू आहेस.

दसऱ्याला दुपारी मित्राला, त्या सिद्धारामला, घेऊन आलास आणि पाचच्या गाडीनं औरंगाबादला पळालास. हो, पळालासच. निघता निघता ओसरीत आप्पांना सांगून गेलास, "प्रणितानं कॉम्प्युटरच्या आत हात घातला हुता. तिनंच कार्ड जाळलं." एवढंच बोललास आणि चपला घातल्यास. पुढं काय झालं ते बघायला थांबला नाहीस. आप्पांनी कॉम्प्युटरवर पोतं टाकलं. माझा बीडच्या कॉम्प्युटर डिप्लोमाचा फॉर्म सही न करताच गल्ल्यात ठेवून दिला. म्हणाले, "घरातलं एक मशीन जिला सांभाळता येत न्हाई, ती बीडात जाऊन काय दिवे लावणार हाय?" फॉर्मची शेवटची तारीख अठरा, शनिवार. त्याच्या आत दुकानात फोन कर आणि कार्ड कुणी जाळलं ते आप्पांना सांग. मला तुझ्याकडून एवढंच हवंय. माफीबिफी नको.

विसरला असशील तर आठवण करून देते. खंडेनवमीला आप्पांनी तराजू, वजनमापं, स्कूटर आणि कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा केली. कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढलेलाच होता. आईला आत तो लहानसा पंखा दिसला. तिला वाटलं हेच मशीनचं चाक. तिनं त्याच्या मधोमध विभूतीची तीन बोटं ओढली आणि झेंडूचा हार तिथंच अडकवला. आईची यात काही चूक नाही. तो पंखा ग्राफिक्स कार्डाचा आहे आणि गेमची चित्रं काढणारं ते कार्ड त्याच्याच जिवावर थंड राहतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू आलास, हार हिसका मारून ओढलास, दोरा तुटला आणि तुकडा पंख्याच्या पात्यात गुंतून बसला. तू वाकून बघितलंसुद्धा नाहीस. बटण दाबलंस.

मग सिद्धारामसमोर तुझा रुबाब सुरू झाला. "बघ बे, घरचं मशीन कसं पळवतो." कार्डाचा वेग वाढवायची ती पडद्यावरची पट्टी माऊसनं धरलीस आणि एका झटक्यात शेवटाला नेलीस. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेस तू! अरे, असं करतात का? आधी पंखा फिरतोय का बघायचं, धूळ झटकायची, स्टॅबिलायझरचा काटा जागेवर आहे का बघायचा. मग पट्टी पाचनं पुढं. पाचच. शर्यतीचा गेम लावून अर्धा तास चालू द्यायचा आणि पडद्यावरून नजर हलवायची नाही. आकाशात पांढरे ठिपके चमकले, रस्त्याच्या कडा फाटल्या, की कार्ड सांगतंय बास. तिथून पाच मागं यायचं आणि पुन्हा पुढं जायचा मोह धरायचा नाही. मेमरीचा वेग वेगळा, तो वेगळ्या दिवशी. दोन्ही एकदम वाढवले तर ठिपके कशानं आले ते कळत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्या पत्र्याच्या छपराखाली यातलं काहीच करायचं नाही, सगळं मूळ आकड्यावर आणून ठेवायचं.

एवढं लिहिल्यावर तू विचारशीलच, तुला हे कुठून कळलं गं.

ठीक आहे. जूनपासून मीच करत होते. तू टाकून गेलेल्या मासिकात इंग्रजीत चार पानं होती. डिक्शनरी घेऊन आठवडाभर बसले. आप्पा दुकानात आणि आई शेजारणीत रमली की मी पत्रा काढायची. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावायचा, मग आत. कार्ड मुळात दोनशे मेगाहर्ट्झवर यायचं, मी ते दोनशे पंचवीसपर्यंत नेलं. दोनशे तीसला ठिपके आले होते. सगळं वहीत तारीखवार लिहिलेलं आहे. पहिल्या दिवशी वळणावर गाडी अजिबात न अडखळता गेली तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. मला आयुष्यात एवढा आनंद कधी झाला नव्हता दादा, आणि तो सांगायला घरात कुणी नव्हतं.

तू आल्यावर विचारलंस, "हे दोनशे पंचवीस कुणी केलं?" मी म्हटलं, बीडचा दुरुस्तीवाला आला होता, त्यानं. मुलीनं मशीन उघडलं म्हणून घरात बोंब झाली असती. तू माझ्याकडं बघून हसलास. तुला तेव्हाच कळलं होतं. म्हणजे आप्पांना तू जे सांगितलंस त्यातला अर्धा भाग खरा होता, आणि तोच मला जास्त झोंबला.

आता अजून एक. हे लिहायचं नव्हतं.

तू पट्टी ओढत होतास तेव्हा मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मला पंखा दिसत होता. फिरत नव्हता. पिवळा दोरा पात्यात स्पष्ट दिसत होता. "दादा, बंद कर" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं नाही. सिद्धाराम तुझ्याकडं देव बघितल्यासारखा बघत होता, आणि मला वाटलं, जळू दे. याच्या हातात जळू दे, याच्या मित्रासमोर. पडद्यावर हिरव्या रेघा आल्या, वास आला, अंधार झाला. मी तांब्या ठेवून आत गेले आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. चार महिने जपलेलं कार्ड होतं ते माझं.

शुक्रवार, १० तारीख

काल इथंच थांबले. वरचं सगळं परत वाचलं. तू फोन करून "मीच जाळलं" म्हणालास, तर आप्पा सही करतील ती मशीनला कधी हातही न लावलेल्या मुलीसाठी. ती मुलगी मी नाही. आज दुपारी आप्पा जेवायला आल्यावर वही पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. पत्रा, दोनशे पंचवीस, हार, तुझी पट्टी. दारात उभं राहून गप्प बसले तेसुद्धा.

आप्पांनी घास ताटात परत ठेवला. "डोळ्यांनी बघत हुतीस?" म्हणाले. मी हो म्हटलं. मग त्यांनी वहीची पानं उलटली. आकडे त्यांना वाचता येतात, दुकानदाराला आकडे कुणी शिकवायचे? शेवटच्या तारखेपर्यंत वही बघितली. म्हणाले, "हे तुला येतंय तर मग शिकाया कशापायी जायचं?"

आई मधे पडली. "आवं, येतंय म्हणूनच तर जायचं. न येणाऱ्याला धाडलंच की औरंगाबादला." आई असं बोलेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

आप्पा हात धुऊन आले, माणूस पाठवून गल्ल्यातला फॉर्म मागवला आणि माझ्या हातात दिला. "मला यातलं काय कळत न्हाई. तुझ्या भावाला कळतं. त्यानं पालक म्हणून सही केली तर जा."

बघ. ज्यानं जाळलं त्याला कळतं. जिच्याकडं वही आहे तिनं त्याची सही आणायची. मी आप्पांशी भांडले, तासभर भांडले. ते दुकानात निघून गेले.

तेव्हा फोन करू नकोस. फॉर्म सोबत आहे. सही कुठं करायची तिथं पेन्सिलनं फुली केली आहे. तिकीट लावलेलं पाकीट पण आहे, पत्ता मीच घातलाय, म्हणजे तुला तेवढेही कष्ट नकोत. सही करायची नसेल तर त्याच जागी तुझ्या अक्षरात कारण लिही. आप्पांना मी ते मोठ्यानं वाचून दाखवीन, आईसमोर.

आणि सही केलीस तरी आपलं जमलं असं समजू नकोस. दारात मी का गप्प बसले ते तुला कळलं, तू ओसरीत का बोललास ते मला कळलं. आपण दोघं एकाच घरचे आहोत, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

अठरा तारखेपर्यंत,
तुझी फॉर्मपुरती पाल्य,
प्रणिता