खाल्ल्या मिठाला जागणारं यंत्र

सूनबाई,

माणसाने आजवर जे काही मिळवलं, ते पाण्याशी झुंजून मिळवलं. आपल्या घरात मात्र पाणी जिंकलं आणि गिझर धारातीर्थी पडला.

त्याला बघायला आलेला प्लंबर म्हणाला, "पाणी फार जड आहे, क्षारांनी भरलेलं. अशा पाण्याने हातांनाही भेगा पडतात." तू माझ्या आजारपणात रोज चादरी धुतल्यास आणि भेगांचं खापर साबणावर फोडलंस!

प्यायच्या पाण्याच्या फिल्टरने माझ्या पोटाची सोय झाली, तुझ्या हातांची नाही. म्हणून अख्ख्या घराचं पाणी मऊ करणारं यंत्र आजच बसवून घेतलं. ते मीठ खातं म्हणे. म्हटलं, बसवा. खाल्ल्या मिठाला जागणारं घरात आणखी कुणी असलेलं बरं. मी एकटा किती पुरणार?

उत्साहाच्या भरात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी मी त्यात उपडी केली. मग प्लंबर म्हणाला, "आजोबा, याला खडेमीठ लागतं, हे बारीक नाही." तेच आणायला गेलो आहे.

भाजी अळणी आहे. शेजारच्या काकूंकडून चिमूटभर मीठ माग. त्यांनी कारण विचारलं, तर याचंही खापर साबणावरच फोड.

— बाबा